बहिणाबाईंची भाषा कोणती? (आणि लिथुआनियाच्या माणसाचा त्यात काय संबंध?)

मंडळी, पोस्ट लांब झाली आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण अर्धी वाचून भांडायला येऊ नका.

गेल्या आठवड्यात मुलगी अभ्यास करत बसली होती. इंग्लिश मीडियम, सातवी. मराठीच्या गाईडमध्ये एका ओळीचे प्रश्न होते. 'बहिणाबाई चौधरी यांनी कोणत्या बोलीत काव्यरचना केली?' उत्तर छापलेलं होतं, अहिराणी. तिने ते मोठ्याने पाठ केलं आणि मग सहज विचारलं, "पप्पा, आज्जी जे बोलते ते अहिराणी आहे का?"

आई ओट्यावर लसूण सोलत होती. तिथूनच म्हणाली, "मी कुठी अहिराणी बोलते? ते तं तुही माय बोलते."

आणि स्वयंपाकघरातून आवाज आला, "काय व्हयनं? मन्हं नाव कोन ली ऱ्हायनं?"

झालं. आमच्या घरातली तीन माणसं, तीन भाषा आणि गाईडमधलं एक चुकीचं उत्तर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी फैजपूरचा. माझी आई लेवा बोली बोलते, जी आपल्या यावल-रावेर-भुसावळ पट्ट्यात, जळगावच्या आसपास, मुक्ताईनगर-बोदवडकडे, पुढे मलकापूरपर्यंत आणि तिकडे बऱ्हाणपूरच्या बाजूलाही ऐकू येते. बायको पारोळ्याकडची, तिच्या माहेरी अस्सल अहिराणी. लग्न झालं तेव्हा पहिले सहा महिने सासू-सून एकमेकींशी 'शुद्ध' मराठीत बोलायच्या, म्हणजे टीव्हीवरच्या मालिकेसारखं. नंतर दोघींना कंटाळा आला. आता एक लेव्यात विचारते, दुसरी अहिराणीत उत्तर देते, आणि भांडण झालं तरी दोघींना सगळं समजतं. समजतं म्हणूनच भांडण होतं म्हणा.

बाहेरच्या माणसाला, म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाला, हे दोन्ही एकच वाटतं. 'खान्देशी' म्हटलं की झालं. त्याचा दोष नाही. वरवर ऐकलं तर सारखंच आहे. दोन्हीत 'ळ' चा 'य' होतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, केळी म्हणजे केयी. दोन्हीत 'ण' चा 'न' होतो, पाणी नाही, पानी. दोन्हीत 'मला-तुला' च्या ठिकाणी 'ले' येतो. एवढं ऐकलं की पुणेकर म्हणतो, अहिराणी. गाईड लिहिणाराही तसाच कुणीतरी असणार.

पण भाषा अशी शब्दांवरून ओळखायची नसते. शब्द तर कुठूनही येतात. आपण रोज 'मोटर', 'लाइट', 'ठिबक', 'टिश्यू कल्चर' बोलतो म्हणून आपण इंग्रज होत नाही. भाषा ओळखायची ती तिच्या सांध्यांवरून. म्हणजे एक शब्द दुसऱ्याला कुठे जोडला जातो, क्रियापद कुठे वळतं, तिथे बघायचं.

आता हे बघा. प्रमाण मराठीत 'रामाचं घर'. आई म्हणते 'रामाचं घर'. बायको म्हणते 'रामनं घर'. गुजरातीत? 'रामनुं घर'.

मराठीत 'घरात'. आई म्हणते 'घरात'. बायको म्हणते 'घरमा'. गुजरातीत 'घरमां'.

मराठीत 'आहे'. आई 'हाये' म्हणते. बायको 'शे', काही गावांत 'से'. गुजरातीत 'छे'.

'मी जाईन' ला आई 'मी जाईन' च म्हणते. बायको 'मी जासू'. 'तो आला' ला आई 'आला', बायको 'ऊना'. 'कुठे' ला आई 'कुठी', बायको 'कथा'. 'काय करतोयस' ला आई 'काय करून राह्यला', बायको 'काय करी ऱ्हायना'.

म्हणजे आईच्या बोलीची हाडं मराठीची आहेत, वऱ्हाडीच्या शेजारची. बायकोच्या बोलीत मराठी आहे, पण सांधे गुजराती आणि भिलीकडे झुकलेले. हे मी म्हणत नाही. ग्रिअर्सन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भारतातल्या भाषांची पाहणी केली. त्याने मराठीचा खंड वेगळा काढला, सातवा. आणि खानदेशी, म्हणजे मुख्यतः अहिराणी, मराठीच्या खंडात न घालता नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली भाषांसोबत ठेवली. तो भाग १९०७ साली छापला गेला. त्याआधी तिला मराठीचीच बोली धरायची पद्धत होती. ग्रिअर्सन बरोबर की चूक यावर अभ्यासकांत अजूनही एकमत नाही. मीही पत्रकार आहे, भाषाशास्त्रज्ञ नाही. पण घरात दोन्ही बाजू रोज ऐकतो, त्यामुळे त्याला असं का वाटलं असेल ते कळतं.

मग बहिणाबाई? आसोद्याचा जन्म, सासर जळगाव. १८८० ते १९५१. लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात, काम करता करता ओव्या सुचायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी त्या लिहून ठेवल्या. अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ साली पुस्तक आलं, तेव्हा त्या हयात नव्हत्या. त्या गाण्यांत शोधा, 'शे' सापडतो का, 'ऊना' सापडतो का, 'घरमा' सापडतं का. नाही सापडत. 'ओढाळ' चं 'वढाय' सापडतं, 'मले-तुले' सापडतं. म्हणजे आसोद्याची, आपल्या पट्ट्यातली लेवा बोली. तरी राज्यभर त्यांना अहिराणीच्या कवयित्री म्हणतात. विद्यापीठाला त्यांचं नाव लागून काही वर्षं झाली, तरी गाईडमधली ओळ बदलली नाही.

आणि इथेच थांबतो, कारण आत्ता रावेर-यावलचे मित्र टाळ्या वाजवत असतील. थांबा जरा. तुमच्याकडेही यायचंय.

यानंतर आपल्याकडे जे होतं ते असं. लेवावाले म्हणतात, आमची बोलीच खरी मराठी, अहिराणी म्हणजे गुजरातीची खिचडी. अहिराणीवाले म्हणतात, आमची स्वतंत्र भाषा, हजारो वर्षं जुनी, तुमची तर नुसती बिघडलेली मराठी. व्हॉट्सअॅपवर दोन्हीकडून फॉरवर्ड येतात. कुणाची पाच हजार वर्षांची, कुणाची त्याहून जुनी. पुरावा कुणाकडेच नसतो. तोरा मात्र दोन्हीकडे.

आता लिथुआनिया.

आपल्या फैजपूरचाच एक पोरगा नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे, कॉम्प्युटरच्या कामात. नाव सांगत नाही, त्याला आवडत नाही. त्याच्या घरात भाड्याने राहणारा दुसरा गडी लिथुआनियाचा. दोघे मिळून डच शिकतायत. परवा फोनवर सांगत होता, "भाऊ, याची भाषा ऐकली की मला शाळेतलं संस्कृत आठवतं."

मी म्हटलं, काहीतरीच. मग रात्री बसून वाचलं. खरंच आहे.

लिथुआनियन भाषेत विस्तवाला 'उग्निस' म्हणतात. आपला अग्नी. धुराला 'दूमस', आपला धूम. मुलाला 'सूनुस', संस्कृतात सूनु. मेंढीला 'अविस', संस्कृतात अवि. दाताला 'दान्तिस'. पुरुषाला 'वीरस'. नामाच्या विभक्त्या अजून सात शाबूत आहेत, आपल्या शाळेत प्रथमा-द्वितीया घोकवायचे तशा. ज्या मूळ भाषेतून संस्कृत, ग्रीक, लॅटिन, मराठी, इंग्रजी हे सगळं गोत पसरलं असं मानतात, त्या भाषेच्या कितीतरी खुणा आज जिवंत बोलल्या जाणाऱ्या भाषांत सगळ्यात जास्त लिथुआनियनने जपल्या आहेत. युरोपातले पंडित म्हणूनच तिकडच्या शेतकऱ्यांचं बोलणं ऐकायला जात.

डच त्याच गोतातली, पण दुसऱ्या घरातली. जर्मन, इंग्रजी यांची बहीण. तिने विभक्त्या जवळजवळ सगळ्या टाकून दिल्या. शब्द कुठे येतो त्यावरून अर्थ काढायचा. व्यापाराची भाषा, बंदरांची भाषा. (हे लोक सतराव्या शतकात आपल्या सुरतेलाही वखार घालून होते, वेंगुर्ल्याला तर त्यांच्या वखारीचे अवशेष अजून आहेत. आणि सुरत-बऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ता आपल्याच तापीच्या खोऱ्यातून जायचा.)

तर पहिल्या फटक्यात कुणीही म्हणेल, लिथुआनियन जुनी, शुद्ध. डच झिजलेली, बिघडलेली. मीही तसंच म्हणालो. तेव्हा त्या पोराने मला गप्प केलं.

"भाऊ, 'नाव' ला डचमध्ये काय म्हणतात माहितीये? 'नाम'. अगदी आपल्यासारखं. आणि लिथुआनियनमध्ये 'वर्दास', काही संबंध नाही. 'वडील' ला डच म्हणतात 'फादर', म्हणजे पितरचाच भाऊबंद. लिथुआनियन म्हणतो 'तेवस', दुसराच शब्द."

म्हणजे 'जुनी' भाषेने नाम टाकलं, पितर टाकला. 'बिघडलेली' भाषा ते दोन्ही घेऊन बसली. एकीने एक दागिना मोडला, दुसरीने दुसरा. तुम्ही कोणता शब्द काढून दाखवता त्यावर कोण जुनं ते ठरतं. विभक्ती काढली तर लिथुआनियन जिंकते, नाम काढलं तर डच. हेच आपल्याकडे करून बघा. 'रामाचं' काढलं तर लेवा मराठीच्या जवळ. पण अहिराणीत मुलगा म्हणजे 'आंडोर', मुलगी 'आंडेर', सगळा म्हणजे 'बठ्ठा'. असे शब्द प्रमाण मराठीच्या माणसाला ऐकूनही माहीत नाहीत. मग श्रीमंत कोण?

हा प्रश्नच चुकीचा आहे, असं माझं मत झालंय. आणि चुकीच्या प्रश्नावर आपण दोन्ही बाजूंनी तावातावाने भांडतोय.

अजून एक गोष्ट. डच ही भाषा आणि जर्मनीच्या सीमेवरच्या गावातलं बोलणं, यात पूर्वी फारसा फरक नव्हता. सीमेच्या अलीकडचा शेतकरी पलीकडच्याशी आरामात बोलायचा. पण अलीकडचा म्हणायचा मी डच बोलतो, पलीकडचा म्हणायचा मी जर्मन बोलतो. कारण मध्ये देशाची सीमा होती, शाळा वेगळी होती, पुस्तक वेगळं होतं. आपलं तेच नाही का? फैजपुराहून सावद्याला, रावेरला, बऱ्हाणपूरला जा, बोलणं हळूहळू बदलत जातं. कुठे लेवा संपली ते दाखवणारा दगड रस्त्यात नाही. इकडून अमळनेरला, धुळ्याला, नवापूरला जा, तरी तेच. भाषा एसटीसारखी स्टॉपवर थांबून बदलत नाही.

नेदरलँड्समध्ये डचच्या पोटातच लिम्बुर्ग नावाच्या भागाची बोली आहे. तिला १९९७ साली तिथल्या सरकारने प्रादेशिक भाषा म्हणून मान्यता दिली. शेजारच्या बेल्जियममध्येही लिम्बुर्ग प्रांत आहे, तीच बोली, तिथे मान्यता नाही. सीमेच्या एका बाजूला भाषा, दुसऱ्या बाजूला बोली. माणसं तीच. लिथुआनियातही वायव्येकडच्या लोकांचं म्हणणं आहे की आमची भाषा वेगळी, सरकार म्हणतं बोली. म्हणजे हा ताप सगळीकडे आहे, आपल्याच नशिबी आलेला नाही.

पण लिथुआनियाची जी गोष्ट मला झोपू देईना ती वेगळी आहे.

तो देश रशियाच्या झारच्या ताब्यात होता. १८६४ नंतर तिथे लिथुआनियन भाषा तिच्या नेहमीच्या, म्हणजे रोमन लिपीत छापायला बंदी घातली. छापायचं तर रशियन लिपीत. ही बंदी १९०४ पर्यंत, चाळीस वर्षं चालली. लोकांनी काय केलं? पुस्तकं सीमेपलीकडे, जर्मन हद्दीत छापली. आणि साध्या शेतकऱ्यांनी, भटक्या विक्रेत्यांनी ती पोत्यात, गवताच्या गाड्यांत लपवून आणली. पकडले गेले ते सायबेरियाला. त्या पुस्तक-वाहकांचा दिवस आजही १६ मार्चला तिकडे पाळतात. आणि पोरांना वाचायला कोण शिकवायचं? आया. पेत्रस रिमशा नावाच्या शिल्पकाराचं १९०६ चं एक शिल्प आहे. आई चरख्यावर सूत कातते आहे आणि शेजारी मूल पुस्तकातून वाचतंय. फोटो शोधून बघा. मला तो बघताना जात्यावरच्या बहिणाबाई आठवल्या, आणि नंतर ओट्यावर लसूण सोलणारी माझी आई.

आज त्या सगळ्या देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आत आहे. आपला जळगाव जिल्हाच २०११ ला बेचाळीस लाखांवर होता. तरी त्यांची भाषा २००४ पासून युरोपियन युनियनच्या अधिकृत भाषांपैकी एक आहे. तिथे त्या भाषेत विद्यापीठ आहे, कोर्ट आहे, डॉक्टर पेशंटशी त्या भाषेत बोलतो.

आपल्याकडे?

माझं सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला एका मोठ्या शहरात गेलो. पहिल्या आठवड्यात बातमी वाचून दाखवायची होती. केळीच्या भावाची बातमी होती, माझ्याच गावची. मी वाचलं, 'केयीच्या घडाला'. कागदावर 'केळी' लिहिलं होतं, तोंडातून 'केयी' गेलं. वर्ग हसला. सर हसले नाहीत, पण म्हणाले, "आधी बोली विसरा, मग बातमी शिका." मी विसरलो. इतकी मन लावून विसरलो की आज स्टेजवर सूत्रसंचालन करतो तेव्हा कुणाला कळत नाही मी कुठला. याचं एकेकाळी मला कौतुक वाटायचं.

आणि आता गंमत बघा. माझ्याच मुलीला 'केयी' म्हणता येत नाही. ती 'केळी' सुद्धा कमी म्हणते, 'बनाना' म्हणते. आई तिला म्हणते, "पोरी, अठी ये," तर ती बघत राहते. 'अठी' म्हणजे 'इथे', हे तिला मी समजावून सांगतो, आणि मी समजावतोय ते हिंदी मिसळलेल्या मराठीत. तिला अहिराणीही येत नाही, मामाच्या गावाला गेली की आठ दिवसांत थोडी उचलते आणि परत आली की विसरते. दोन नद्यांच्या संगमावर घर आणि नळाला पाणी नाही, असं झालंय.

माझ्या सरांवर राग नाही. त्यांना पेपर विकायचा होता. पण मी घरीही बोली बोलणं सोडलं, ते सरांनी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं, ज्यासाठी एवढं लिहिलं.

जनगणना येतेय. घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये. जातीचा रकाना येणार म्हणून सगळीकडे चर्चा आहे. प्रत्येक समाजाच्या बैठका होतायत, काय लिहायचं, कसं लिहायचं. मातृभाषेच्या रकान्यावर एक बैठक तरी ऐकली तुम्ही? मी नाही.

त्या रकान्याची सरकारी व्याख्या अशी आहे की लहानपणी आई तुमच्याशी ज्या भाषेत बोलायची ती तुमची मातृभाषा. 'शाळेत शिकलेली' नाही, 'पेपरची' नाही, आईची. आणि पुढे तुम्हाला येणाऱ्या आणखी दोन भाषा लिहायची सोय असते. म्हणजे मातृभाषा बोली लिहिली म्हणून मराठी पुसली जात नाही, ती पुढच्या रकान्यात लिहिता येते.

२०११ च्या जनगणनेत लोकांनी सांगितलेली मातृभाषांची नावं १९,५६९ होती. सरकारने ती तपासून, एकत्र करून १२१ भाषांत बसवली. त्यात 'खानदेशी' ही मराठीपासून वेगळी मोजली जाते, हे पुष्कळ अहिराणी बोलणाऱ्यांनाही माहीत नाही. २००१ ला खानदेशी सांगणारे सुमारे २० लाख ७५ हजार होते. २०११ ला सुमारे १८ लाख ६० हजार. दहा वर्षांत लोकसंख्या वाढली आणि आकडा दोन लाखांनी घसरला. आता धुळे जिल्हा, जळगावचा पश्चिम भाग, नंदुरबारचा काही भाग, मालेगाव, सटाणा, कळवण, एवढा मुलूख डोळ्यांसमोर आणा. १८ लाख पटतात का तुम्हाला? मला नाही पटत. लोक घरी अहिराणी बोलतात आणि मोजायला आलेल्या मास्तरांना 'मराठी' सांगतात. काही लाजेने, काही सवयीने, आणि काही ठिकाणी मास्तर विचारतच नाहीत, स्वतःच लिहून मोकळे होतात.

लेवा बोलणाऱ्यांचं तर त्याहून सोपं. आपण सगळेच 'मराठी' लिहितो, प्रश्नच मिटला.

यावर मला एका ज्येष्ठ मित्राने हरकत घेतली. म्हणाले, "अरे, मराठीला आत्ता कुठे ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा मिळाला. आठ कोटी तीस लाखांचा आकडा आहे आपला. आणि तू फोडायला निघाला?" हरकत खोटी नाही. मुंबईत मराठीची काय परिस्थिती आहे ते आपण रोज वाचतो. आकडा कमी झाला तर त्याचा वापर करणारे टपलेले आहेत, हेही खरं.

पण मी त्यांना विचारलं, दादा, मराठीला अभिजात दर्जा कशाच्या जोरावर मिळाला? जुन्या ग्रंथांच्या, जुन्या लोकबोलींच्या. आणि आजच्या लोकबोली मोजायच्याच नाहीत? सांगवीच्या नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळालं तेव्हा आपण फटाके फोडले. सांगवी इथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं बोलतात ती भाषा कोणत्या रकान्यात आहे? ते गप्प बसले. पटलं असं म्हणाले नाहीत, तेही सांगतो.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे, आणि ती बोलायला लोक घाबरतात. 'लेवा' या नावात एक समाज आहे. फैजपुरात ही बोली फक्त लेवा पाटीदार बोलतात का? आपल्या कोळीवाड्यात ऐका, बारी समाजात ऐका, बौद्धवाड्यात ऐका, तडवी भाऊ बाजारात बोलतात ते ऐका. थोडा फरक असेल, सूर वेगळा असेल, पण बोली हीच. मग कोळी समाजातला माणूस फॉर्मवर 'लेवा' लिहील का? का लिहावं त्याने? त्याला वाटतं ही पाटलांची भाषा. म्हणून काही जण 'तावडी' म्हणा म्हणतात, काही 'खान्देशी' म्हणा म्हणतात, तर लगेच ती गणती अहिराणीत जाईल ही भीती. नाव ठरत नाही म्हणून सगळे 'मराठी' लिहून सुटतात. अहिराणी नावातही आहीर आहेतच, पण ते नाव आता समाजाचं राहिलं नाही, मुलखाचं झालंय. आपल्याकडे तसं व्हायला लेवा समाजातल्या शहाण्या माणसांनीच पुढे येऊन म्हणायला हवं की बोली सगळ्यांची आहे. बोलीचे कार्यक्रम होतात, चांगले होतात, पण स्टेजवरची आडनावं वाचली की मला काळजी वाटते. राग आला असेल तर येऊ द्या, मी याच गावात राहतो, समोर बोला.

मी काय लिहिणार ते सांगतो, म्हणजे तुम्ही विचारायच्या आधीच. मातृभाषेच्या रकान्यात आई बोलते ती, 'लेवा'. पुढे मराठी आणि हिंदी. बायको 'अहिराणी' लिहिणार, तिचं ठरलंय, माझ्या परवानगीचा प्रश्नच नाही. मुलीचं मात्र अडलं. व्याख्येप्रमाणे लहानपणी आई बोलली ती भाषा, म्हणजे अहिराणी. पण तिच्या आईने, म्हणजे माझ्या बायकोने, पोरीशी बोलायला मराठी धरली, 'नंतर शाळेत अडचण नको' म्हणून. आणि पोरगी स्वतःशी बोलते इंग्रजीत. परवा जेवताना मी हे विचारलं तर तिघीही एकमेकींकडे बघत राहिल्या. शेवटी आई म्हणाली, "मी शिकवते तिले. दुपारी येऊन बसत जाय माह्याजोडी."

तीन दिवस झाले. रोज दुपारी अर्धा तास. मुलगी वहीत लिहून घेते, दोन रकाने केलेत, एक आज्जीचा, एक मम्मीचा. पहिल्या दिवशी भांड्यांची नावं झाली, काल शेतातली. 'आत्ता' ला मम्मी 'आते' म्हणते, 'का' ला 'काब्रं' म्हणते, ते तिला इतकं आवडलं की दिवसभर 'काब्रं, काब्रं' करत फिरत होती. आज्जी रुसली, की माझा रकाना मागे पडला.

तर मंडळी, ती वही भरायला मदत करा. तुमच्या गावात इथे-तिथे-कुठे ला काय म्हणतात, मुलगा-मुलगीला काय म्हणतात, विहिरीच्या, बैलगाडीच्या, केळीच्या बागेतल्या वस्तूंना काय म्हणतात, ते खाली लिहा. गावाचं नाव नक्की लिहा. सावद्याचं वेगळं असेल, न्हावीचं वेगळं, अडावदचं तर वेगळं असणारच. आणि आजोबा-आजीला विचारून लिहा, गुगलला विचारून नाही.

गाईडच्या प्रकाशकाला पत्र टाकलंय. उत्तर आलं की कळवतो.